नक्कल करणाऱ्याने तपासू नये

९ जुलै

चि. धाकट्या,

अनेक आशीर्वाद. 'आम्ही सर्व इकडे खुशाल' असं लिहायला हात सवयीने गेला आणि थांबला. सर्व म्हणजे आता मी एकटीच. तर मी खुशाल आहे. गुडघा कुरकुरतो, शाळेच्या ऑफिसातली टायपिंगची नोकरी अजून तीन वर्षं आहे, आणि स्वयंपाकघरातला नळ तू गेलास तेव्हा गळत होता तो अजून गळतो. तुमची खुशाली कळवावी, असं पुढे लिहायचं असतं. एकतीस वर्षांत कळवली नाहीस, तेव्हा माझ्या सांगण्यावरून आता कळवशील अशी आशा नाही.

बाबांना जाऊन चार महिने झाले. मी कळवलं होतं, तू आला नाहीस. आईच्या वेळी निदान उंबऱ्यापर्यंत आला होतास. पाच मिनिटं उभा राहिलास, पाणीसुद्धा घेतलं नाहीस, आणि बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत. या वेळी बाबा बाहेर येण्याची काही भीती नव्हती, तरी तू आला नाहीस. असो. मी टोमणे मारायला बसलेली नाही. मारले गेले तर पोटात घाल, मोठ्या बहिणीच्या हातून पेन नीट चालत नाही.

पत्राचं कारण तुझी लेक.

घाबरू नकोस, ती ठीक आहे. गेल्या आठवड्यात तिचं मला पत्र आलं. तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात तिला एक पुस्तक सापडलं, 'रोजचे शब्द : इंग्रजी–एस्पेरांतो', आणि त्यावर आपलं आडनाव. आजोबांनी पुस्तक लिहिलंय हेच तिला ठाऊक नव्हतं. तू सांगितलं नसशील. मीही कुणाला सांगत नाही. पण पोरगी तुझ्यावर गेलीय, हातात घेतलं ते सोडायचं नाही. त्या पुस्तकापायी ती आठ महिने एस्पेरांतो शिकली, आणि पुरेशी शिकल्यावर तिने आतल्या पानाला चिकटवलेलं शुद्धिपत्र वाचलं. पुस्तकावर घराचा पत्ता छापलेला आहे, त्यावर तिने मला लिहिलं. शेवटचं वाक्य तिचं तिच्याच शब्दांत देते: 'आत्या, यात लिहिलंय की चुका मुलामुळे राहिल्या आणि तो मुलगा आता नाही. पण बाबा तर आहेत. त्यांनी काय केलं होतं?'

तिला काय उत्तर लिहू, हे विचारायला हे पत्र.

उत्तर द्यायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल. तुला सगळं पाठ असेल, तरी मी इथे एकदा लिहून बघते.

बाबा सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक. दिवसभर लोकांच्या चुका शोधायच्या आणि घरी येऊन आपल्या. जगातल्या सगळ्या माणसांना एस्पेरांतोसारखी मुद्दाम घडवलेली एक सोपी भाषा आली की भांडणं मिटतील, असं त्यांना मनापासून वाटायचं. आपल्या घरातल्या चौघांना एकच भाषा येत होती, त्यातून काय मिटलं ते आपण पाहिलंच. मोठमोठ्या शब्दांचे कोश पुष्कळ आहेत, असं ते म्हणायचे. पण परक्या गावात उतरलेल्या माणसाला तत्त्वज्ञान लागत नाही, गाळणी लागते. म्हणून गाळणी, झाकण, पायपुसणं, जिन्याचा कठडा, शिवायचं अंगुस्तान, असे रोजचे तीन हजार इंग्रजी शब्द, आणि समोर एस्पेरांतो. तयार शब्द नसेल तिथे बाबांनी त्या भाषेतले छोटे शब्द जोडून घडवलेला.

छापखान्यातला एक नियम त्यांनी घरात आणला होता. नक्कल करणाऱ्याने तपासू नये. ज्याने मजकूर आधी पाहिलाय त्याला चूक दिसत नाही, जे असायला हवं तेच दिसतं. म्हणून कामं वाटलेली. बाबा पेन्सिलीने कच्ची कार्डं लिहायचे. आई दुपारी ती शाईने उतरवून काढायची, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला एस्पेरांतो. संध्याकाळी मी खिडकीकडे तोंड करून बसायची. बाबा फक्त एस्पेरांतो शब्द वाचायचे, तो ऐकून मी इंग्रजी सांगायचं. तुझ्या हातात मूळ इंग्रजी यादी. जुळला की तू म्हणायचास, 'आला'. नाही जुळला की 'नाही आला', आणि बाबा कार्ड फाडून नवा शब्द घडवायला बसायचे. ज्या दिवशी चार शब्द यायचे नाहीत, त्या दिवशी बाबांचं ताट तसंच उठायचं आणि मग कुणाच्याच घशाखाली घास उतरायचा नाही.

पुढचं तू घरात नव्हतास. तू गेल्यावर वर्षभराने पुस्तक निघालं. पाचशे प्रती. सहा महिन्यांत परदेशातल्या एका निवृत्त शिक्षकाचं अकरा पानी पत्र आलं. फार नम्र पत्र होतं. दोनशे चौदा शब्द चुकलेत, असं त्याने क्रमवार लिहिलं होतं, आणि शेवटी विचारलं होतं की तपासणी कोणत्या पद्धतीने केली, हे जाणून घ्यायला आवडेल. बाबा दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठून त्यांनी शुद्धिपत्र लिहिलं. दोनशे चौदा शब्द, आणि खाली एक वाक्य: 'या चुका जुळवणीतील हलगर्जीपणामुळे राहिल्या. ते काम माझ्या मुलाकडे होते, जो आता आमच्यात नाही.'

तीन देशांतून सांत्वनाची पत्रं आली. बाबांनी ती फाइलला लावली. एकालाही उत्तर दिलं नाही.

आता इथल्या एस्पेरांतो मंडळाला ते पुस्तक पुन्हा काढायचंय, बाबांच्या स्मरणार्थ, शुद्धिपत्रासकट जसंच्या तसं. चिटणीस दोनदा येऊन गेले. वारस म्हणून माझी सही हवी.

जुळवणी तुझ्याकडे होती, हे तर खरंच आहे. बाबांनी लिहायला नको होतं, हेही खरं. चुका सगळ्यांच्याच झाल्या, असं काहीतरी तिला लिहावं म्हणते. तुझं काय मत आहे ते कळव.

तुझी
ताई


२ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं पोस्टकार्ड पोचलं. एकतीस वर्षांनी दोन वाक्यं. 'तिला खरं सांग. आणि खाली ताई म्हणून सही करू नकोस.'

पहिल्या वाक्याचा राग आला नाही, दुसऱ्याचा आला. तुला चालायला शिकवलं कुणी, तुझ्या वह्यांना कव्हरं घातली कुणी, तू परीक्षेत पहिला आलास की गल्लीभर सांगत कोण फिरलं? पण ठीक आहे. तुझी सूचना मान्य. सही करताना बघू.

खरं सांग म्हणतोस. खरं तुला वाटतं तितकं छोटं नाही. त्याला आई लागते, आणि आईबद्दल तुला एक गोष्ट माहीत नाही.

आईला दिसत नव्हतं.

एकदम नाही. पुस्तकाच्या तिसऱ्या वर्षापासून हळूहळू. आधी सुईत दोरा ओवायला मला हाक मारायची, मग तांदूळ निवडायला, मग एका दुपारी मी कामावरून लवकर आले तर ती टेबलाशी बसलेली, समोर बाबांची पेन्सिलची कार्डं, आणि शाईच्या रेघा एकमेकींवर चढलेल्या. चार कार्डं खराब झाली होती. ती पदराखाली झाकून बसली होती, परीक्षेत नापास झालेल्या मुलीसारखी. मी म्हटलं, बाबांना सांगू या, डॉक्टरांना दाखवू या. तिने माझा हात धरला.

"हे काम गेलं तर त्यांना माझ्याशी बोलायला काय उरेल?"

 तुला याचं उत्तर देता आलं असतं तर बघ. त्या घरात बाबा आईशी दोनच गोष्टी बोलायचे, जेवायला वाढ आणि कार्डं झाली का.

तेव्हापासून मी नक्कल करायला लागले. मी शाळेच्या ऑफिसातून दोनला सुटायची, बाबा छापखान्यातून साडेपाचला. दोन ते साडेपाच मी आईच्या अक्षरात लिहायची. तिच्या अक्षरांच्या त्या गोल गाठी, आडव्या रेघेला शेवटी दिलेला हेलकावा, सगळं जमलं. आई शेजारी बसून टाक पुसायची, टिपकागद धरायची. त्या दुपारी आमच्या दोघींच्या फार छान गेल्या, हेही खरंच आहे, आणि ते मला तुझ्यासाठी खोटं करता येणार नाही.

मग संध्याकाळी खिडकीकडे तोंड करून बसायचं. बाबा शब्द वाचणार, जो मी तीन तासांपूर्वी माझ्याच हाताने दोन्ही बाजूंनी लिहिलाय. काय करायला हवं होतं मी? मुद्दाम चुकायला हवं होतं? पहिल्या दिवशी एकदा चुकले. बाबांनी ताटावरून हात काढला. दुसऱ्या दिवसापासून मी चुकले नाही.

आणि मग घर बदललं. तू विसरला नसशील. एकेका संध्याकाळी चाळीस शब्द, पन्नास शब्द, सगळे आले. बाबा जेवायला लागले. पाहुण्यांसमोर सांगायला लागले, 'हिचा कान बघा. कसलाही शब्द टाका, बरोबर झेलते.' मला कॉलेजात घातलं नव्हतं, धाकट्या. तुला घालायचं होतं म्हणून. माझं कौतुक म्हणून त्या घरात काही होतं तर तो कान होता. तो चोरीचा होता, पण होता.

आपल्याकडे म्हणतात, कुंपणानेच शेत खाल्लं. मी कुंपण होते, मी खाल्लं. झालं समाधान? पण खाल्लं ते आईचं मन राखायला खाल्लं. तुला सगळं स्वच्छ दिसत होतं, कारण तुला काहीच सांभाळायचं नव्हतं.

मग तो 'सिंक' शब्द आला.

स्वयंपाकघरात भांडी धुवायचं सिंक. बाबांनी शब्द घडवला 'सिंकेयो'. एस्पेरांतोत 'सिंक' म्हणजे फक्त बुडणं, भांड्यांशी त्याचा संबंध नाही, तेव्हा त्याचा सरळ अर्थ होतो बुडण्याची जागा. ऐकणारा म्हणाला असता डोह, किंवा जहाज बुडालं ते ठिकाण. मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, सिंक. आणि तू 'आला' म्हणाला नाहीस. तू यादी खाली ठेवलीस.

"ताई, हा शब्द तुला आलाच कसा?"

 तू उठून माझ्यासमोर आलास, माझा हात उचलून बोटाला लागलेली शाई बघितलीस, आणि बाबांना सांगितलंस की नक्कल हीच करते, आतापर्यंतची सगळी तपासणी खोटी आहे, सगळं पुन्हा करायला हवं. एकोणीस वर्षांचा होतास. तरी तू थांबला नाहीस.

बाबांनी आईला विचारलं, नक्कल कोण करतं. आई म्हणाली, मीच. तिने ज्या दिशेला बघून उत्तर दिलं, त्या दिशेला बाबा नव्हते, कपाट होतं. बाबा उजवीकडे उभे होते. तरी बाबा म्हणाले, ऐकलंस? खोटं बोलणाऱ्याला या घरात जागा नाही. दोन दिवसांनी तू गेलास.

तेव्हा आई खोटं बोलली. झालं ते हे. गेलेल्या बाईला आता नातीसमोर खोटारडी ठरवू का? हे तुझ्या 'खरं सांग'मध्ये बसतं का, ते कळव.

बाबा शेवटी शेवटी भ्रमात बोलायचे. दवाखान्यात एकदा मी चमच्याने पेज भरवत होते, तर माझ्याकडे बघत म्हणाले, 'इतकं लिहून तुझे डोळे अजून शाबूत आहेत ना? आईसारखे नाही ना गेले?' आईचे डोळे कार्डं लिहिता लिहिता गेले हे त्यांना कुणी सांगितलं असेल, देव जाणे. आम्ही तर शेवटपर्यंत पडल्यामुळे गेले असंच सांगत होतो, आणि तेही पुस्तक निघून गेल्यावर.

तुझ्या आईची मुलगी


२७ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. बरं झालं. आलं असतं तर मी पुन्हा भांडायला बसले असते आणि हे लिहायचं राहिलं असतं.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. तुला ती वाचताक्षणी कळली असणार. तू त्या खोलीत होतास. बाबांनी फक्त आईला विचारलं नव्हतं. आईनंतर माझ्याकडे वळून मलाही विचारलं होतं. आणि मी नुसती गप्प बसले नव्हते.

मी म्हणाले होते, "याला माझा कान बघवत नाही, बाबा. म्हणून बोलतोय."

हे मी एकतीस वर्षं कुठेही लिहिलं नाही आणि कुणाला सांगितलं नाही. आईच्या आड उभं राहून तुला दोन पत्रं लिहिली. आई घाबरून खोटं बोलली. मी घाबरले नव्हते. पन्नास शब्द सलग आले की बाबा माझ्याकडे ज्या नजरेने बघायचे, ती नजर मला सोडवत नव्हती, आणि तू ती काढून घ्यायला निघाला होतास. त्या क्षणी मला तू नको होतास. एवढंच ते आहे. नंतर वाईट वाटलं, रडले वगैरे, पण तू दाराबाहेर पडल्यावर पहिला सुटकेचा श्वास मी घेतला होता.

शुद्धिपत्रही मीच टाइप केलं. ते वाक्य माझ्या बोटांतून गेलं. प्रती घेतलेल्यांना ते टपालाने धाडायला आणि शिल्लक प्रतींना डिंक लावून चिकटवायलाही मीच होते. आई एकेक प्रत उघडून पुढे करायची. तोवर तिला अजिबात दिसत नव्हतं. तिने विचारलं, यात काय लिहिलंय गं? मी म्हटलं, काही नाही, शब्दांची यादी आहे.

आता खरं लिहायचं ते.

चिटणिसांना छपाईसाठी मूळ पेन्सिलची कार्डं हवी होती, म्हणून मी बाबांचं कपाट उपसलं. सगळ्यात खालच्या खणात छापखान्याचं एक खाकी पाकीट निघालं. आत तीन कच्ची कार्डं. अंगुस्तान, पायपुसणं, पळी. इंग्रजी शब्द बरोबर आहेत. मागे एस्पेरांतोच्या जागी लिहिलंय लुंबार्को, त्रेवीनो, कास्पूरो.

मी तीन कोश काढून बसले. असे शब्दच नाहीत. कुठल्याही भाषेत नाहीत. नुसते आवाज आहेत ते, बाबांनी मनाने बनवलेले. उतरवताना मी अक्षराचं वळण बघत होते, शब्द नाही. कुणीही ते ऐकून अंगुस्तान म्हणू शकत नाही, पायपुसणं म्हणू शकत नाही, जोवर त्याने कार्डाची दुसरी बाजू आधी पाहिलेली नाही.

कार्डांबरोबर एक चिठ्ठी आहे. बाबांचं ते टोकदार, प्रूफाच्या समासातलं अक्षर. 'दि. ९ मार्च. तिन्ही शब्द निरर्थक, माझे. तिन्ही आले.'

तू बोललास चोवीस मार्चला. गेलास सव्वीसला.

  बाबांना माहीत होतं, धाकट्या. तू तोंड उघडायच्या पंधरा दिवस आधीपासून माहीत होतं. ज्या माणसाला छापखान्यात उलटा पडलेला स्वल्पविराम लांबून दिसायचा, त्याला बायकोच्या अक्षराची नक्कल दिसली नसेल असं आम्हा दोघींना वाटत होतं. केवढ्या हुशार आम्ही. आई कपाटाकडे बघून बोलली तेव्हा ते तिथेच उभे होते. त्यांना सगळं दिसत होतं आणि ते तुला म्हणाले, ऐकलंस?

छापलेलं पुस्तक काढून बघितलं. त्यातून ते तीन शब्द गाळलेत. त्या जागी खरे शब्द आहेत. म्हणजे सापळ्यातले तीन काढले आणि बाकी सगळे, एकदाही न तपासलेले, तसेच छापायला दिले. खरं मान्य केलं असतं तर सहा वर्षांचं काम पुन्हा करावं लागलं असतं, बायकोचे डोळे मान्य करावे लागले असते, आणि मुलगी लबाड आहे हेही. मुलगा खोटारडा आहे एवढं म्हटलं की सगळं जागच्या जागी राहत होतं. तू तर कॉलेजसाठी जाणारच होतास. मी राहणार होते. राहणाऱ्या माणसाला दोषी धरून कसं चालेल, चहा कोण करणार? वड्याचं तेल वांग्यावर काढायलाही समोर वांगं असावं लागतं. इथे तर वांगं गाव सोडून गेलं होतं. आणि आपलं घर अळीमिळी गुपचिळी.

त्यानंतर तीस वर्षं आम्ही एका छताखाली राहिलो. पाहुणा आला की बाबा म्हणायचे, 'हिचा कान बघा.' मी मान खाली घालायची आणि लोकांना वाटायचं, किती नम्र मुलगी. ते माझ्याकडे बघत असायचे. आता कळतं ते काय बघत होते. दवाखान्यातलं ते बोलणं भ्रमातलं नव्हतं. तेवढं एकच वाक्य ते शुद्धीत बोलले, आणि मी त्यांच्या तोंडाला चमचा लावला.

मला त्यांचा राग येतो. इतका येतो की त्यांचा चष्मा टेबलावर होता तो मी ड्रॉवरमध्ये टाकला. पण राग धरायला जावं तर पहिलं खोटं माझंच हाताला लागतं. त्यांनी फक्त त्याला कुलूप घातलं. किल्ली दोघांकडे होती.

चिटणिसांना मी पाकीट दाखवलं आणि सांगितलं, पुस्तक काढा, पण जुनं शुद्धिपत्र काढून मी लिहिलेलं नवं छापा. त्यांनी कार्डं उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाले, तुमच्या वडिलांना लोक साधुपुरुष मानतात, कशाला उगाच? इतक्या वर्षांनी त्याचा कुणाला उपयोग? मी म्हटलं, उपयोग असलेला माणूस मला माहीत आहे. त्याशिवाय सही होणार नाही. ते उठून गेले. मागच्या सोमवारी त्यांचं पत्र आलं, की पुनर्मुद्रणाचा विचार मंडळाने तूर्त स्थगित ठेवला आहे. म्हणजे पुस्तक गेलं. बाबांचं आयुष्य होतं ते, आणि खरं सांगू, माझंही. मी दुसरं काय केलं आयुष्यात?

तरी शुद्धिपत्र मी लिहिलंय, एस्पेरांतोतच, कारण जुनं त्याच भाषेत होतं. चारच वाक्यं. लिहिल्यावर मला कळेना की ते नीट उतरलंय का. मीच लिहिलेलं, मीच वाचतेय, मला चूक कशी दिसणार? घरातला नियम मला पहिल्यांदा पाळावासा वाटला. म्हणून मी ते तुझ्या लेकीला पाठवलं. प्रस्तावना नाही, खुलासा नाही, कशासाठी आहे तेही नाही. एवढंच लिहिलं: तुझ्या प्रश्नाचं उत्तर नंतर देते, आधी हे चार ओळींचं आपल्या भाषेत करून धाड, आणि कुणाला विचारू नकोस.

तिने केलं. परवा आलं. कागद सोबत ठेवते आहे. तिचं अक्षर तुला ओळखू येईलच, पण तिने काय लिहिलंय ते इथेही उतरवते, कारण कागद न वाचता ठेवून द्यायची तुझी सवय मला माहीत आहे.

'या पुस्तकातले शब्द कधी तपासलेच गेले नाहीत. तपासणारीने आधीच नक्कल केलेली होती, आणि आमच्या वडिलांना ते ठाऊक होतं. एकट्या माझ्या भावाने हे वेळेवर सांगितलं. माझा भाऊ खरं बोलत होता.'

मी माझा मूळ कागद शेजारी ठेवला आणि शब्द शब्द जुळवला. 'आला' म्हणायला खोलीत कुणी नव्हतं.

खाली तिने पेन्सिलीने लिहिलंय, 'आत्या, हे बाबांना दाखवू का?' मी तिला कळवलं की मी पाठवते आहे.

घरात अठ्ठावन्न प्रती आहेत. प्रत्येकीतल्या जुन्या चिठ्ठीवर नवी चिकटवली. तिच्या ग्रंथालयातल्या प्रतीसाठी एक तिला पाठवली, ती चिकटवेल. बाकीच्या चारशेहून अधिक जगात कुठे कुठे आहेत. त्यांत तू हलगर्जी आहेस आणि मेलेला आहेस. त्या मला परत आणता येत नाहीत.

बाबांची तीन कार्डंही सोबत आहेत. ती माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नाही. माफ कर असं लिहीत नाही. मी राहिले, जेवले, कौतुक घेतलं, आणि तू कुठल्या कुठल्या खोल्यांतून राहिलास ते मला माहीतही नाही. असल्या गोष्टीला माफी मागणं म्हणजे तुझ्यावर आणखी एक काम टाकणं. तुझ्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर तिला तिच्याच हाताने मिळालंय, एवढं झालं.

ताई म्हणून सही करू नकोस, असं तू लिहिलं होतंस. करत नाही.

नक्कल करणारी मीच,
तपासणारीही मीच